उजवी शहाणी, डावी वेडी

३ फेब्रुवारी

बारक्या,

गाडीच्या तपासणीची तारीख ठरली. सतरा मार्च, सकाळी दहा. वाहन कार्यालयातल्या बाईंनी आज फोनवर ती दोनदा वाचून दाखवली. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, सतरा म्हणजे सतराच. आमच्या मार्चमध्ये दुसरी सतरा नाही."

प्रिय लिहिलं नाही हे लक्षात आलं असेल. आशीर्वादही नाहीत. मोठी बहीण म्हणून द्यायचे असतात ते अण्णा गेले त्या आठवड्यात संपले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

कामाचं लिहिते. जीप अण्णांनी आपल्या दोघांच्या नावावर केली होती. तपासणीला दोन्ही मालकांनी स्वतः उभं राहून सही करायची असते, मुखत्यारपत्र चालत नाही. सही झाली नाही तर अठराला नगरपालिकेची क्रेन येईल आणि गाडी भंगारात जाईल. नऊ वर्षं ती गल्लीत भिंतीलगत ताडपत्रीखाली होती. मागच्या महिन्यात तिच्यावर नोटीस चिकटवून गेले, 'बेवारस वाहन'. मी गोंदासकट ओढून काढली. दोन वारस जिवंत आहेत, धडधाकट आहेत, आणि गाडी बेवारस! शेजारच्या दोघांना बोलावून, चाक नसलेल्या कोपऱ्याखाली हातगाडी सारून, ढकलत ती अंगणात आणली, पण नंबर पालिकेच्या यादीत गेलाय. आता तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय तो यादीतून निघणार नाही.

दुरुस्ती मी घरीच करते आहे. पंपहाऊसची सकाळची पाळी दोनला सुटते, तीन ते सहा गाडीखाली. इंजिन अडकलेलं नाही, हाताने फिरलं. ब्रेकच्या नळ्या कुजल्यात. वायरिंग उंदरांनी नेलं.

आणि तो तुझा मागचा एक्सल मी काढून फेकणार आहे. आधीच सांगते, नंतर बोंब नको. नऊ वर्षांपूर्वी तू तो भंगारवाल्याकडून छाती फुगवून आणलास. "नव्या मॉडेलचा आहे ताई, ब्रेक बघ केवढे!" दोन आठवडे तू आणि अण्णा तो बसवत होता. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीला, दगडी उतारावर, मागचं डावं चाक निघून पुढे पळालं, गाडी उलटली आणि अण्णांचा खुबा मोडला.

नट ढिले नव्हते. हे मी कुणासमोरही शपथेवर सांगेन, कारण शेवटचा हात माझा होता. अण्णांनी आवळून झाल्यावर मी पाना घेऊन प्रत्येक नट पुन्हा ओढला आणि प्रत्येक नट पाव फेरा आला. मी म्हणाले सुद्धा, "अण्णा, जोर संपला तुमचा. पाचही ढिले ठेवलेत." ते म्हणाले, "म्हणून तर घरात पहिलवान पाळलाय." तू तिथेच होतास, पेट्रोल भरत होतास. म्हणजे नट घट्ट होते. गेले ते तुझ्या भंगाराचे आटे, नट ज्यावर फिरतात ते.

सतराला ये, सही कर, जा. जेवायला थांबायची सक्ती नाही.

ताई


१५ फेब्रुवारी

बारक्या,

पोस्टकार्ड मिळालं. दहा शब्द आहेत, मी मोजले. "सहीचं बघतो. एक्सल काढू नकोस. तो चांगला आहे. आईला नमस्कार." आईला नमस्कार, आणि गाडीखाली गंज खाणारीला? असो. मागितला नव्हता.

"सहीचं बघतो" याचा अर्थ मला माहीत आहे. लहानपणी गृहपाठाचं, दळणाचं, दूध आणायचं, सगळ्याचं तू असंच 'बघायचास', आणि मग मीच करायचे.

एक्सल चांगला आहे म्हणे. ज्याने अण्णांना सात वर्षं वॉकर धरून चालायला लावलं, त्याला चांगलं म्हणायला जीभ कशी वळली तुझी? ते दारातल्या दोन पायऱ्या उतरताना आधी गाडीकडे बघायचे, मग पायरीकडे. एकदा विचारलं, "अण्णा, ओढून नेऊ दे का हिला?" म्हणाले, "राहू दे. तिचा काय दोष?" मी म्हटलं, ज्याचा आहे त्याला फोन लावून देऊ का? त्यावर ते पाणी प्यायला आत गेले. तुझ्यावर एक शब्द त्यांनी सात वर्षांत काढला नाही. मला तेव्हा वाटायचं, लाडका आहे, म्हणून.

अण्णा गेल्यावर मी तुला दोनच शब्द लिहिले होते, ते मला पाठ आहेत. त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही.

गाडीचं. पुढची दोन्ही चाकं काढली. उजवीचे नट नेहमीसारखे, डावीचे उलट्या आट्यांचे. नऊ वर्षं हात लावला नव्हता, तरी पाना बरोबर उलटा गेला. अण्णांनी आपल्या दोघांच्या डोक्यात ते खिळ्यासारखं ठोकलंय. जुन्या गाडीत डावीकडच्या चाकांना आटे उलटे, म्हणजे चाक पुढे पळताना नट सुटायला बघत नाहीत. हे सगळं ते नंतर समजावत. आधी फक्त वदवून घ्यायचे. जॅक लावला की ओरडायचे, "बोला!" आणि आपण दोघं, "उजवी शहाणी, डावी वेडी!" तू सात वर्षांचा होतास आणि नळसुद्धा त्या हिशोबाने फिरवायचास. मोरीतला डावीकडचा नळ तूच मोडलास.

मागची डावी बाजू अजून विटांवर आहे. चाक तेव्हापासून शेडच्या कोपऱ्यात उभं आहे. तिकडे मी शेवटी जाणार.

पुढे नवे डिस्क ब्रेक बसवते आहे. सीटला पट्टे, चारही. डोक्यावर जाड पाइपाची कमान, म्हणजे पुन्हा उलटली तर माणसं तरी वाचतील. आईने फर्मान काढलंय की तिला चढायला पायरी हवी. "मला काय घोड्यावर बसवताय?" म्हणाली. जमिनीपासून एक फुटावर पायरी वेल्ड केली. तिने चढून बघितलं, उतरून बघितलं, आणि म्हणाली दोन इंच खाली घे. घेतली. पुन्हा चढली. म्हणाली, "आता बारक्या आला की फिरवून आणेल." मी पक्कड खाली ठेवली आणि आत जाऊन हात धुतले.

ताई


२६ फेब्रुवारी

बारक्या,

गाडीचा जुना मूळ एक्सल शेडच्या मागे सापडला. सापडला म्हणजे त्याचा आकार सापडला. मधल्या गोळ्याला बोट जाईल एवढी चीर आहे. तो परत बसवणं शक्य नाही. तेव्हा तुझं भंगारच राहणार. नाचू नकोस.

पण आटे गेलेत हे मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. म्हणून मागचा डावा ड्रम, ज्यावर चाक बसतं तो, काढला आणि सायकलवर बांधून लेथवाल्या काकांकडे नेला. चाकाचे पाच दांडे त्यातच आहेत. काका आता सत्तरीचे आहेत, एका डोळ्याने बघतात, पण जे बघतात ते दोन डोळेवाल्यांना दिसत नाही. त्यांनी ड्रम टेबलावर आपटला, दांड्यांवर रॉकेल मारलं, ब्रशने घासलं, भिंग लावलं.

"दोन वाकलेत," म्हणाले. "चाक निघताना वाकले असतील. बाकी तिघांचे आटे थोडे दबलेत, पण गेलेले नाहीत."

"नीट बघा काका."

"नीटच बघितलं. आट्यांना काय झालंय? तुझ्यामाझ्यापेक्षा धड आहेत."

"मग चाक निघालं कसं?"

"ते चाकाला विचार. मला ड्रम दाखवलास, मी ड्रमचं सांगितलं."

तर हे तुझ्या बाजूचे साक्षीदार. पैज लावते, लहानपणी त्यांच्या दुकानात तू लोखंडाचा कीस गोळा करून द्यायचास, ते काका अजून विसरले नाहीत. दोन नवे दांडे घालून, पाच नवे नट पिशवीत टाकून त्यांनी ड्रम परत दिला.

घरी आले तर तुझं दुसरं कार्ड. "मागचं डावं चाक तू एकटी बसवू नकोस. काकांना बोलाव." बस, एवढंच.

बारक्या, मी दोनशे घोड्यांचा पंप चालवते. अर्ध्या शहराचं पाणी माझ्या हाताखालून जातं. बारा इंची झडपेचे बोल्ट मी काढते आणि मीच लावते, आणि माझ्या पाळीत आजवर एक थेंब गळलेला नाही. तुला मात्र वाटतं की मला पाच नट जमणार नाहीत. तिकडे बसून मला पान्याचं शिकवतोस? ज्याच्या एक्सलने घर आडवं केलं तो मला सांगणार, कुणाला बोलाव?

काका येणारच आहेत, पण ते ड्रम जड आहे म्हणून. तू सांगितलंस म्हणून नव्हे. ही नोंद करून ठेव.

सहीचं बघून झालं का?

ताई


५ मार्च

बारक्या,

आज चाक बसवलं.

काका चारला आले. ड्रम दोघांनी मिळून चढवला. चाक त्यांनी लावलं, नट हाताने फिरवले, मग पान्याने आवळले. मी ब्रेकची हवा काढण्यात गुंतले होते, तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचं झालं तशी मी उठले, पाना घेतला आणि म्हणाले, "सरका काका, शेवटचा हात माझा. घरचा नियम आहे."

काका सरकले. मी पहिला नट ओढला. पाव फेरा आला. दुसरा ओढला, तोही आला. मला हसू आलं. म्हटलं, "काका, जोर संपला तुमचा. सगळे ढिले ठेवलेत."

मी तिसरा ओढला तेव्हा त्यांनी वाकून बघितलं, आणि माझं मनगट धरलं.

"पोरी, तू आवळतेस की सोडतेस?"

मी म्हटलं, "आवळतेय. डावी बाजू आहे. वेडी."

"कसली वेडी? हा एक्सल नव्या मॉडेलचा. याला दोन्हीकडे सरळ आटे. वेडी आहे ती पुढची."

मी पाना नटावर तसाच ठेवून उभी राहिले. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, तिन्ही नट परत आवळले, जसे आवळतात तसे, सरळ. मग पाना पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाले, "चहा ठेवतेस की मीच ठेवू?"

चहा त्यांनीच केला. साखर विसरले. मी प्यायले.

पाव फेरा, बारक्या. पाचही नट. मी तो पाव फेरा नऊ वर्षं लोकांना सांगत आले. दवाखान्याच्या दारात तुझ्या तोंडावर सांगितला, आत्याला सांगितला, पंपहाऊसच्या वॉचमनला सांगितला. मी आवळले होते, प्रत्येक नट पाव फेरा आला होता. आपल्या घराशिवाय जगात कुणाचा हात तसा गेला नसता. रस्त्यावरचा कुणीही माणूस बोलावला असता तरी त्याने नट सरळ आवळले असते. ते उलटे फिरवायला अण्णांनीच शिकवलेला माणूस लागतो.

काका गेल्यावर आत गेले. आई मटार सोलत होती. मी म्हटलं, "आई, मागचं डावं चाक शहाणं आहे."

आईने विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

लक्षात घे. तिने 'म्हणजे काय' असं विचारलं नाही. तिला या घरातल्या गाडीतलं दिव्याच्या बटणापलीकडे काही कळत नाही, तरी तिने 'कुणी सांगितलं' असं विचारलं.

मग तिच्याकडून सगळं काढलं, एकेक मटार काढावा तसं. दवाखान्यात खाटेवर शुद्ध आल्यावर तासाभरात अण्णांना उमगलं होतं. माझं ते 'जोर संपला' त्यांना आठवलं असणार. त्यांनी तुला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "पहिलवानाला कळता कामा नये. परवा तिला पंपहाऊसवर रुजू व्हायचंय. कळलं तर ती पुन्हा पान्याला हात लावायची नाही." आणि तू म्हणालास, "सांगायचं मीच विसरलो अण्णा. माझ्यावरच येऊ दे."

दोन आठवडे तो एक्सल तुमच्या दोघांच्या हाताखाली होता. दोघांना माहीत होतं की मागची बाजू आता शहाणी झाली. दोघांपैकी एकालाही तोंड उघडून सांगावंसं वाटलं नाही की घरातल्या तिसऱ्या माणसाचा हात जुन्याच हिशोबाने जाईल. ठीक आहे, राहून गेलं. माणसांचं राहतं. माझा राग त्याबद्दल नाही.

माझा राग नंतरच्या नऊ वर्षांबद्दल आहे. मी दवाखान्याच्या दारात तुला काय काय म्हणाले, ते तू खाली मान घालून ऐकलंस. ऐकताना तुला सगळं माहीत होतं. एकदा तरी म्हणायचंस, "ताई, गप्प बस, तूच सोडलेस." मी रडले असते, ओरडले असते, नोकरी सोडली असती, पुन्हा धरली असती. माझं मी बघितलं असतं. तुम्ही तिघांनी मिळून मला नऊ वर्षं निर्दोष ठेवलंत. कुणी सांगितलं होतं? हे उपकार मी कधी मागितले होते?

आणि अण्णा गेले तेव्हा मी लिहिलं, "येऊ नकोस." आणि तू आला नाहीस! जन्मात माझं एक ऐकलं नाहीस. साधं दूध आणायला पाठवलं तरी पतंग घेऊन यायचास. नेमकं हेच ऐकायचं होतं?

अण्णा शेवटच्या दिवशी दाराकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं, बारक्याला यायला जमत नाहीये. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आता तू माझ्यापासून लपवलेलं एक आहे आणि मी तुझ्यापासून लपवलेलं एक. फिटंफाट होणार नाही, तरी माहीत असलेलं बरं.

पहिल्या पत्रातलं ते शपथेचं वाक्य खोडून टाक. नाही, राहू दे. माझंच आहे.

ताई


१३ मार्च

बारक्या,

तू सोळाला दुपारी दीडच्या बसने येतोयस, हे आईने सांगितलं. काल तिच्या फोनवर बोललास, तिने तिकिटाचा नंबरही लिहून घेतलाय, आणि तो कागद आरशाला अडकवलाय. म्हणजे खात्रीची बातमी. बस तीनपर्यंत येत नाही असं स्टँडवरचा चौकशीवाला म्हणाला, पण त्याला त्याच्याच घड्याळातली वेळ सांगता येत नाही.

तू माझ्याशी बोलायचं म्हणालास, आणि मी मोरीत असल्याचं आईने सांगितलं. मी मोरीत नव्हते. दारामागे होते.

माझा राग गेलेला नाही. आठ दिवस वाट बघितली, जातोय का. नाही गेला. फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून गाडीवर काढतेय. त्यामुळे काम जोरात झालं. इंजिन पहिल्या किल्लीला नाही, चौथ्या किल्लीला सुरू झालं आणि शेजारच्यांची तीन मांजरं कुंपण ओलांडून गेली. पुढचे ब्रेक एकदम लागतात. लेथवाल्या काकांनी स्वतः चालवून अंगणात पुढेमागे घेतली आणि म्हणाले, "तपासणीवाल्याने नापास केली तर तो आंधळा." त्यांनी म्हणावं म्हणजे झालंच. दिवे चारही लागतात. हॉर्न फुसका आहे, पण लागतो. तुझ्या एक्सलबद्दल मी जे जे म्हणाले ते मागे घेते. एक्सल चांगला आहे. हे एवढंच मागे घेते.

मागच्या डाव्या चाकावर पांढऱ्या रंगाने बाण काढलाय, सरळ दिशेचा, आणि खाली लिहिलंय 'शहाणी'. पुढच्या डाव्यावर 'वेडी'. वाहन कार्यालयातले विचारतील हे काय, तर सांगायचं, घरच्या माणसांसाठी आहे.

आता नीट वाच. काकांनी आवळलेलं चाक मी काल पुन्हा उतरवलं, ब्रेक बघायचं निमित्त करून. परत चढवलं आणि नट फक्त हाताने लावलेत. पाना लावलेला नाही. जॅक तसाच खाली आहे. गाडी अशी अंगणातून बाहेर निघू शकत नाही, आणि कार्यालय सतराला दहाला उघडतं. काकांना सांगून ठेवलंय की मध्ये यायचं नाही.

सोळाला येशील तेव्हा बॅग ओट्यावर ठेव. आई रडेल, तिला पाच मिनिटं दे. मग अंगणात ये. माझ्याशी बोललं पाहिजे असं नाही. पाना मागच्या सीटवर आहे, तोच, मुठीला चिकटपट्टी लावलेला.

पाचही नट तू आवळायचेस. शेवटचा हात तुझा.

मी समोर उभी असेन. कुठल्या बाजूला फिरवतोस ते बघणार आहे.

पहिलवान